दारफळणीआधी दोन दिवस

पाटोणापाड्याला बस थांबली तेव्हा आत
मी, ड्रायव्हर, आणि रिकाम्या टोपल्या घेऊन
बाजारातून परतणाऱ्या दोघी.
हवाई दलाचं फाटक मागे राहिलं तसतशा
फोनमधल्या काड्या एकेक करून विझल्या.
बरं वाटलं.
म्हटलं, दोन दिवस.
रहमीमला माफ करून टाकायचं
आणि सणाची पांढरी साडी नेसायला
मोकळ्या मनानं ठाण्यात उतरायचं.

खोली साधी. खाट, माठ, एक खिडकी.
दार मात्र पावसानं फुगलेलं,
चौकटीत बसेना.
जेठीबाई म्हणाली, कडी धरून वर उचला, मग ढकला.
उचललं. ढकललं. चार बोटं उरलीच.
"ऱ्हाऊ द्या, दसऱ्यापातुर सुकंल.
रातच्याला दगड लावा फक्त.
बिबट्या काय कडी वाजवून येत नाय."

आमच्यात किप्पूरला जुनी माणसं
दारफळणीचा सण म्हणत.
दारं लावून घ्यायची, दिवसभर निरंकार उपास,
बोलायचं ते फक्त त्याच्याशी.
मी त्याच तयारीनं आले होते
आणि इथे दारच लागत नव्हतं.

दुपारी तक्रार नीट मांडून घेतली, कागदावर असावी तशी:
आईला मातीत ठेवलं त्या रविवारी
कबरस्तानात नऊ पुरुष होते.
कद्दिशला दहा लागतात.
दहावा तू असायचास.
तासभर थांबलो मेच्या उन्हात,
बर्फाचं पाणी गाडीखालून वाहत होतं.
मग पनवेलहून कुणी एक स्कूटरवर आला,
हेल्मेट काढून टोपी घातली
आणि माझ्या आईसाठी आमेन म्हणाला.
मी त्याचं नावही विचारलं नाही.
तू मंगळवारी उतरलास अश्दोदहून,
हातात विमानतळावरच्या दुकानाची पिशवी.

ती पिशवी मी तीन वर्षं सांभाळून ठेवली आहे.

रात्री येऊरला शांतता नसते, हे कुणी सांगितलं नव्हतं.
टेकाडापलीकडे टर्फवर दिवे,
एक वाजेपर्यंत पोरं भांडत होती,
नो बॉल! नो बॉल!
कुणी कुणाचं ऐकून घेत नव्हतं.
मग दिवे गेले.
रातकिडे सुरू झाले, की आधीपासून होतेच.
चार बोटांच्या फटीतून कुजल्या पानांचा वास आला
आणि त्याच्या मागोमाग, न बोलावता, ती दुसरी गोष्ट.

डॉक्टर सोमवारी म्हणाले होते, जवळच्यांना कळवा.
मी शुक्रवारी कळवलं,
दिवे लावायच्या जरा आधी,
तिकडची विमानं शब्बाथला थांबतात, ती वेळ धरून.
चार दिवस.
त्यात आईनं दोनदा विचारलं, रहमू येतोय?
मी म्हटलं, निघालाय.
बेडपॅन माझा, औषधं माझी, जागरणं माझी,
मग शेवटही माझ्या एकटीचाच असावा
असं वाटलं होतं का मला?

वाटलं होतं.

हजान दरवर्षी सांगतात:
देवाचं देणं देव सोडून देतो,
माणसाचं त्या माणसाकडेच जाऊन मागावं लागतं.
मी दरवर्षी मान डोलावते,
पुढच्या बाकावरच्यांसाठी.
एलियाहू हन्नाबीला मलिदा बोलले होते,
भावाला माफ करता आलं तर.
आता हा नवस कुणी कुणासाठी फेडायचा,
तेही त्यालाच विचारायला हवं.
तो ऐकतो, एवढी श्रद्धा आहे.
उत्तर देतो, असं कधी म्हटलं नाही.

सकाळी जेठीबाईनं काकडी आणली, मीठ लावून.
झोप लागली का, विचारलं. मी काकडी खाल्ली.
"वरच्या कातळावर रेंज येते," ती म्हणाली.
मी काही विचारलं नव्हतं.

चढताना दोनदा बसले. गुडघे माझे एकसष्टचे.
वरून घोडबंदरचे टॉवर, मागे खाडीची एक पांढुरकी रेघ.
दोन काड्या उगवल्या.
तिकडे अजून उजाडलंही नसेल.
तिसऱ्या रिंगला त्यानं उचलला,
झोपेतला आवाज, बाबांसारखा खरखरीत.
तीन वर्षांनी माझा नंबर बघून
त्यानं एकच विचारलं:

"कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, रहमू,"
मी म्हणाले, आणि कातळावर टेकले.
"एका सोमवारचं सांगायचं राहिलंय."